मऊ हातोड्या

पियानोची पुढची फळी काढून सूर लावायला आलेल्या तुरातआकेंनी आत बॅटरी मारली. तारांवर आपटणाऱ्या मधल्या हातोड्यांच्या टोकांवर करड्या नमद्याचे, दाबलेल्या जाड लोकरीचे, तुकडे शिवले होते. टाके घट्ट, एकसारखे.

“हे कोणाचं काम?”

“माझं,” बुरुलची सासू म्हणाली. “तुमच्या रशियन लोकरीला कसर लागली. आमच्या तंबूचा नमदा उरला होता, तो लावला. त्याला अजून काही धाड भरलेली नाही.”

“एजे, नमदा तंबूत थंडी येऊ देत नाही. इथं तो आवाज बाहेर येऊ देत नाहीये,” आके सासूला म्हणाले.

त्यांनी एक पट्टी दाबली. गोधडीखालून दार ठोठावल्यासारखं वाजलं.

“चोल्पोन यावरच शिकली?”

“पहिल्यापासून,” बुरुल म्हणाली. परवा चोल्पोनला, तिच्या लेकीला, संगीतशाळेच्या प्रवेशपरीक्षेसाठी बिश्केकला न्यायचं होतं. “तुम्ही फक्त सूर लावून द्या, आके.”

आकेंनी चोल्पोनला वाजवायला सांगितलं. ती वाजवत असताना ते तिची मनगटं बघत होते.

“ही वाजवत नाही, कुटते. ऐकू यावं म्हणून. तिथल्या पियानोवर अशी बोटं पडली तर परीक्षक कान झाकून घेतील.”

“मग बदला ना लोकर! आजच.”

“बदलतो. पण दोन दिवसांत हिची जुनी सवय मोडेल. नवी लागेलच असं नाही. मधेच अडकली तर मला बोल लावू नका.”

बुरुलनं सासूकडे पाहिलं. सासू नातीकडे बघत होती.

“एकच बदलून बघा,” चोल्पोन म्हणाली.

सासूनं कोणाला हात लावू दिला नाही. कात्री आणून एका हातोडीवरचे टाके तिनंच उसवले. आकेंनी गरम सरस लावून नवी लोकर बसवली. सरस धरेपर्यंत सगळ्यांचा चहा निवला.

चोल्पोननं नेहमीसारखं बोट मारलं. स्वर खोलीभर घुमला, बशीतला चमचा थरथरला. चटका बसावा तसा तिनं हात मागे घेतला.

“अगं बाई! एवढा गळा होता त्याला?” सासू पुटपुटली.

चोल्पोननं पुन्हा पट्टी दाबली. इतक्या हळू, की काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबली. या वेळी एक बारीक स्वर आला. तो विरेपर्यंत तिनं बोट उचललं नाही.

“बाकीच्या तशाच राहू देऊ या का गं?” बुरुलनं विचारलं. “अजून वेळ गेलेली नाही.”

“आपा,” चोल्पोन आजीला म्हणाली, “पुढची उसव.”