सुलभाकाकूंचा शिस्तीचा ताप

अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिनला मुलाकडे आलेल्या सुलभाकाकूंना एकोणीसशे पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात फ्लू झाला आणि चौथ्या दिवशी बराही झाला. पण आरोग्य खात्याची नर्स मार्था रोज दहाला फोन करून ताप विचारायची. मुलगा-सून ऑफिसात, नातू शाळेत. दिवसभरात काकूंशी बोलणारी ती एकटीच. म्हणून काकू कोमट चहात थर्मामीटर बुडवून प्रामाणिकपणे आकडा वाचून दाखवायच्या, "शंभर पॉइंट दोन." मग खोकला, झोप, सुनेच्या पोळ्या असं सविस्तर बोलणं व्हायचं. बाराव्या दिवशी मार्था हसली. "काकू, इतका शिस्तीचा ताप जन्मात पाहिला नाही. फ्लूची साथ ओसरलीय, उद्यापासून आमचे फोन बंद." काकूंना निरोप घेणं जिवावर आलं, त्यांनी उलट विचारलं, "तुझी गं तब्येत कशी आहे?" "पेन्सिल आहे?" मार्था पुटपुटली. "माझ्या घरचा नंबर घ्या."