शेवटचा रकाना

दुसरा फटका देवानंदच्या पाठीवर बसला आणि तो पाणीवापर संस्थेच्या पायरीवर तोंडघशी पडला. मारणारा खुशाल होता. त्याच्या हातात तलावाचं गेट फिरवायची लोखंडी दांडी होती. ती एरवी देवानंदच्याच खांद्यावर असायची, कारण गेटाची राखण त्याच्याकडे. आज सकाळी वरच्या बांध्यांतल्या, तलावाजवळच्या धानखाचरांतल्या लोकांनी त्याला टोकावाल्यांकडे, कालव्याच्या शेवटच्या शेतकऱ्यांकडे पाणी सोडताना पाहिलं, दांडी हिसकावली आणि तिनेच त्याला इथपर्यंत हाकत आणलं.

"आमचं धान वाळून राह्यलं, अन् तू टोकावाल्याईले पाणी सोडतं बे? काय खाल्लं त्याईचं?"

"पाळी होती त्याईची," देवानंद कसाबसा बोलला. कपाळातून रक्त गळत होतं.

"कुठी हाय पाळी? दाखव!" खुशालने दांडी भिंतीवरच्या काचेच्या पेटीकडे रोखली.

पेटीत पाणीवाटपाचा तक्ता लावलेला होता. शेतकऱ्याचं नाव, बांध्या, पहिली पाळी. तिथे कागद संपत होता. पहिली पाळी सगळी वरच्यांची. टोकावाल्यांच्या नावांपुढे नुसत्या रेघा. धान गर्भावर आलेलं, जमिनीला भेगा पडू लागलेल्या. अशा दिवसांत माणूस कागदावर जे दिसतं तेवढंच खरं मानतो.

संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसणारी दामिनी धावत दारात आली. देवानंद तिचा नवरा.

"खुशालभाऊ, तो कागद अर्धा हाय! दुसऱ्या पाळीचा रकाना त्यात आलाच नाई. पुरा काढून देते. हात जोडते, थांबा!"

"काढ. तवर थांबतो."

यंदापासून पाणीवाटप इंटरनेटवर गेलं होतं. तालुक्याला बसून कोणीतरी तक्ता भरायचा आणि इथे तो उघडून छापायचा. पडद्यावर तो ऐसपैस दिसे. उभ्या कागदावर छापला की उजवीकडचा शेवटचा रकाना कापला जाई. आडवा छापला की पुरा येई. पण आडवा हवा तर दरवेळी तसं सांगावं लागे. एकदा सांगितलेलं त्या मशीनला पुढच्या वेळी आठवत नसे. मशीनच ते, त्याला काय कोणाचं पडलंय?

घाईत दामिनीच्या बोटांनी रोजच्या सवयीने सरळ प्रिंटरच्या चित्रावर क्लिक केलं. कागद बाहेर आला. तो उभाच होता. ती लपवणार तोच खुशालसोबत आलेल्या मुखरूने खिडकीतून हात घालून तो ओढला आणि खुशालच्या हातात दिला.

"हा तर तोच हाय! येडे समजते काय आमाले?"

दांडी देवानंदच्या डाव्या खांद्यावर पडली. या वेळचा आवाज वेगळा होता. हाड मोडल्याचा.

"माही चूक झाली, भाऊ! त्याईले मारू नका!" दामिनी ओरडत होती आणि माउसचा बाण मेनूवरून घसरत होता. पेज सेटअप उघडलं. लँडस्केप, म्हणजे आडवा, असं लिहिलेल्या ओळीपुढचा बारका गोल सापडला. तिने तो दाबला, पुन्हा पाहिला, मग छापायला दिलं. बाजूच्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव बसून होते. अर्धा कागद का लागला, हे त्यांना ठाऊक होतं. बाहेर जाऊन एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. ते टेबलाकडे पाहत राहिले.

कागद आला. दामिनीने तो आडवा धरून खुशालपुढे नेला. खुशाल बोट फिरवत वाचू लागला. टोकावाल्यांच्या नावांपुढे, शेवटच्या रकान्यात, आजची तारीख होती.

"पाळी त्याईचीच हाय," तो हळूच म्हणाला.

मुखरूने देवानंदला काखेत धरून उठवलं आणि आपल्या दुपट्ट्याने त्याचं कपाळ पुसलं. मघाशी लाथा घालण्यात तोही होता.

"मंग अर्धा कागद काऊन लावला?" खुशालने विचारलं.

दामिनीला गप्प राहता आलं असतं. पण मोडलेल्या हाडाचा आवाज अजून तिच्या कानात होता. तिने आत गुणवंतरावांच्या खुर्चीकडे बोट केलं. "आडवा कागद पेटीत बसत नाई. पेटी यांच्या बाबाच्या नावानं देल्ली हाय. दारावर लावू म्हटलं, तर नाई म्हणे. पेटीत बसंल तसाच काढ, म्हणे."

सगळे आत शिरले. गुणवंतराव उठले आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकले. "मले का मालूम बापा, एवढं होईल म्हणून..."

खुशालने दांडी दोन्ही हातांवर घेतली आणि देवानंदपुढे धरली. "घे भाऊ. चुकलो आमी."

देवानंदचा डावा हात लोंबत होता. त्याने उजव्या हाताने दांडी घेतली.

गुणवंतरावांनी हात जोडले. पहिला फटका त्या जोडलेल्या हातांवरच बसला. ते गुरासारखे ओरडले. दांडी पुन्हा वर गेली, तेवढ्यात दामिनी मध्ये शिरली. सकाळपासून तिने एकच मागितलं होतं, आपला माणूस जिवंत राहू दे. आता त्याच्या डोळ्यांकडे पाहून तिला त्याचीच भीती वाटली.

"अवो, नका! मरंल तो. जन्मभर जेलात सडसाल."

"सरक," देवानंद म्हणाला.

ती सरकली नाही. हात पसरून उभी राहिली. पाठीमागे गुणवंतराव कण्हत होते.

मग खुशाल पुढे आला. घरच्या बाईला गर्दीतून वाट काढून द्यावी तसा त्याने तिचा कोपर अगदी हलक्या हाताने धरला.

"वहिनी, बाजूले व्हा," तो म्हणाला. "तुमाले लागंल."