सरकणारी चिठ्ठी
होक्काइदोच्या धुकाळ बंदरावर चिझुरुच्या दुकानात नवी पुस्तकं येत: पावाची, ताऱ्यांची, खुनांची. प्रत्येकात विक्रीची चिठ्ठी खोचलेली असे. गिऱ्हाइकानं पुस्तक घेतलं की ती काढायची. न खपलेली पुस्तकं परत जात. देवमाशाच्या पुस्तकातली चिठ्ठी मात्र रोज थोडी पुढे सरकलेली दिसे, जणू धुक्यात ते स्वतःलाच वाचत बसायचं. आज चिझुरुनं ते परतीच्या खोक्यात ठेवलं तसे झाडू मारणारे तिचे सासरे थबकले. त्यांचा जन्म मासेमारीत गेलेला; त्यांच्या लेखी पुस्तकं म्हणजे रिकामे उद्योग. “परत चाललं?” “कुणी घेतलं नाही, बाबा.” “कागदाच्या माशाला कोण विचारतंय?” ते पुन्हा झाडू लागले. पाठमोरेच पुटपुटले, “पण पिल्लू अजून आईला भेटलं नाहीये.” तिनं पुस्तक बाहेर घेतलं, झाडूची एक काडी मोडून चिठ्ठीच्याच पानात खुणेला ठेवली आणि चिठ्ठी काढली. “खपलं, बाबा.”