मूळ गायकाचा अपमान

गाण्यांच्या कंपनीचं सन्मानचिन्ह हातात आलं, तरी म्हाताऱ्या गायकाची मस्तकात गेलेली आग उतरेना. त्याने स्वतः बांधलेल्या जुन्या प्रेमगीताच्या चालीवर सुनेने खरकट्या भांड्यांचं गाणं रचून इंटरनेटवर टाकलं, तेव्हा तो पोट धरून हसला होता. कंपनीने मात्र ते तिथून काढायला लावलं. कारण काय, तर मूळ गायकाचा अपमान! “अपमान माझा ना? मग मला विचारलंत?” तो फोनवर कडाडला होता. “चालीचे हक्क तुम्ही आम्हाला विकलेत. परवानगीचं आम्ही बघू,” तिथले साहेब म्हणाले. आज त्याच साहेबांनी माइकवरून साखर पेरली, “अण्णा, तुमचं अजरामर गाणं होऊन जाऊ दे!” गायकाने माइक हिसकावला आणि सुनेचं विडंबनच खणखणीत सुरू केलं. सभागृहात हशा उसळला. साहेब धावले, “अण्णा, याला परवानगी नाही!” “हा घ्या दंड!” सन्मानचिन्ह त्यांच्या हातात कोंबून त्याने दुसरं कडवं घेतलं.