मुद्रितशोधकाची शंका

एकशेबाराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. पुढच्या पानांवर पेन्सिल फिरलीच नव्हती. या छोट्या प्रकाशनाची प्रुफं तीस वर्षं तपासणारे गृहस्थ सोळा दिवसांपूर्वी गेले होते, आणि त्यांची मुलगी गठ्ठा परत द्यायला आली होती.

प्रकाशकाने चष्मा कपाळावर सरकवून ओळ वाचली. ‘ती जिना उतरू लागली. प्रत्येक पायरीवर थांबत होती.’

“यात चूक कुठेय?”

लेखिकेलाही दिसेना. तिचा हा पहिलाच कथासंग्रह. ‘शनिवार-रविवारी काय वाचाल’ म्हणून वाचकांना जाणाऱ्या यादीत सर्वांत वर. छापखाना दुपारपर्यंतच थांबणार होता.

“तुझ्या बाबांनी शंका काढली म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय,” प्रकाशक मुलीला म्हणाला. “माझ्या लग्नपत्रिकेत तीन चुका काढल्या होत्या त्यांनी. चौथी म्हणजे नवरा, असं माझ्या होणाऱ्या बायकोला जाऊन सांगितलं.”

मुलगी हसली. तिघांनी कथा पहिल्यापासून वाचायला घेतली. नायिका तरुण. गुडघे धडधाकट, हातात सामान नाही. वडील एकशेदहाव्या पानावर वारलेले. खाली टॅक्सी उभी.

“अगं बाई,” लेखिका म्हणाली. “आधीच्या खर्ड्यात वडील सोबत होते. त्यांचा हात धरून उतरत होती ती. मग मी त्यांना मारलं...” ती अडखळली. “म्हणजे, कथेत. आणि हिचं थांबणं तसंच राहून गेलं. काढा ते वाक्य, काका.”

प्रकाशकाने लाल पेन उघडलं.

“राहू द्या,” मुलगी म्हणाली. “चूक नाहीये ती.”

“ताई, मीच लिहिलंय ना. चूकच आहे.”

“असेल. काल मी एकटीच बँकेचा जिना उतरत होते. मागून एकजण म्हणाला, बाई, चालायचंय की मुक्काम करायचाय?” ती पानाकडेच बघत होती. “चार वर्षांची सवय. बाबांचा हात धरून दुसरी पायरी कधी लगेच घेतलीच नाही.”

लेखिकेने ते वाक्य पुन्हा वाचलं, जणू दुसऱ्याच कुणी लिहिलं होतं.

प्रकाशकाने पेनला टोपण लावलं. “पण शंकेला उत्तर लिहिल्याशिवाय पान छापायला सोडायचं नाही. त्यांचाच नियम.”

त्याने खोडरबर आणि पेन्सिल पुढे केली. मुलीने पेन्सिल तेवढी घेतली. प्रश्नचिन्हाला धक्का न लावता, त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत तिने लिहिलं : ‘बरोबर आहे. असंच होतं.’