रिकामं काडतूस

खांद्यावर जांभळा डाग. गवतात नारिंगी तबकड्यांचे तुकडे. रविवारी निवड चाचणी.

"बार व्हायच्या आधीच डोळे मिटतेस," शिंत्रे सर शर्वाणीला म्हणाले. "झटक्याला भ्यालीस की शॉटगन जास्तच लाथ मारते. दस्ता खांद्यात रुतव, पुढे झुक. बंदूक मी भरीन. मधूनच रिकामं काडतूस घालीन, न सांगता. तेव्हा दचकलीस, तर रविवारी घरीच बस."

तीन बार झाले. झटका पाठीपर्यंत उतरला, पण डोळे उघडे राहिले. चौथ्यांदा तिने चाप ओढला आणि नुसतंच टक् झालं. नळी उडत्या तबकडीवरून तसूभरही ढळली नव्हती.

रविवार पक्का! आनंदाच्या भरात ती बंदुकीसकट सरांकडे वळली. "बघितलंत? नाही दचकले!"

सर पांढरेफटक पडले. "नळी समोर धर! काडतूस कधीकधी उशिरा उडतं!"

"पुरे हो नाटक, सर," ती हसली. "मला माहितीये, रिकामं होतं." नळी अजून त्यांच्या छातीकडेच होती.

रिकामं घालीन हा सरांचा नुसता धाक होता; सकाळी घरून निघताना ते रिकामी काडतुसं टेबलावरच विसरले होते.