बुचांचा डाव

"आई, मला इथे टाकून जाऊ नकोस." म्हाताऱ्या न्जुगुनाने तिशीतल्या न्योकाबीची बाही धरली होती.

दारातली जेरोतिच म्हणाली, "बाबा, ही तुमची लेक ना?"

"लेक कसली? माझी आई आहे. न्योकाबी. विचार तिलाच."

न्योकाबीने बोलायला तोंड उघडलं. म्हाताऱ्याने बाही सोडून काठी नेमकी तिच्या पायावर टेकवली.

केनियातल्या एल्डोरेटला तेव्हा म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं चर्चचं एकच घर होतं; ते जेरोतिच बघे. तिथे फक्त स्मृती गेलेल्यांना घेत, लुळ्यापांगळ्यांना नाही. न्जुगुनाचं उजवं अंग कधीच गेलं होतं. त्याला उचलणं, न्हाऊ घालणं, रात्री कुशीवर वळवणं, सगळं न्योकाबी एकटीच करी. गेल्या आठवड्यात चुलीपुढे बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि हात भाजला. पट्टी अजून होती.

जेरोतिचने पट्टीकडे पाहिलं. "आणा उद्यापासून."

जेरोतिच डोंगरापलीकडची, कालेंजिन जमातीची. गुरं घरी परतायच्या वेळी जन्मली म्हणून हे नाव. तिच्या लोकांत नावं अशी वेळ बघून ठेवत.

रोज सकाळी न्जुगुना विचारी, "तू कोण गं?" ती रोज नाव सांगे. मग तो डाव्या हाताने बाटल्यांची बुचं पटावर मांडी आणि दुपारपर्यंत सगळ्यांना हरवी.

पोटची लेक न ओळखणाऱ्याला पुढच्या चार चाली कशा दिसतात? जेरोतिचला चैन पडेना. एका दुपारी ती न्योकाबीला विचारायला तिच्या घरीच गेली.

न्योकाबी अंगणात चटईवर गाढ झोपली होती. शेजारीण मांडीवरच्या तान्ह्याला दटावत होती, "बाबा, पुरे आता. किती रडाल?"

जेरोतिचला हसू आलं. "बाबा?"

"माझ्या बापाचं नाव ठेवलंय. मग काय अरे-तुरे करू? आम्हा किकुयूंत असंच. या न्योकाबीला बापाच्या आईचं नाव. जन्मल्यापासून बाप तिला आईच म्हणतो." शेजारणीने आवाज खाली आणला. "काम होतं का? उठवू?"

"नको. झोपू दे."

ती परतली तेव्हा न्जुगुनाने पटावरून मान वर केली. "तू कोण गं?"

"जेरोतिच." ती त्याच्यासमोर बसली आणि एक बूच पुढे सरकवलं. "उद्या पाद्रीसाहेब तपासणीला यायचेत, बाबा. ते खेळायला बसले, तर हरायला विसरू नका."